गोराभाऊचा डावा हात

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. दारा-खिडकीला लावतात तसला नव्हे, तंबूतल्या सिनेमाचा. आज मला पाहाल तर ओळखणार नाही. माझ्या पोटावर कोयत्याची लांबलचक चीर आहे आणि ती सुतळीने शिवलेली आहे. कडेची लोखंडी भोकं गंजली आहेत. एका कोपऱ्यावर रक्ताचा डाग आहे. तो धुवायला झुंबरबाईने दोनदा साबण घेतला आणि दोन्ही वेळा तसाच ठेवून दिला. ही झुंबरबाई कोण ते पुढे कळेलच. मी जन्मभर मारामाऱ्या पाहिल्या आणि बऱ्याचशा अंगावर घेतल्या. त्यातल्या बहुतेक एका इंग्रज नटाच्या होत्या आणि एक होती रत्ना नावाच्या बाईची. त्या दोघांची गोष्ट सांगायला मी आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्मच मारहाणीतून झाला. जळगावकडच्या काळ्या मातीत मी कापूस होऊन निवांत फुललो होतो. तिथून मला बोंडातून ओढून काढलं. जिनिंगमध्ये रुळांच्या मध्ये घालून माझ्यातली सरकी ओरबाडून घेतली. मग दाबून गाठ बांधली, गिरणीत नेऊन पिंजलं, पिळलं, ताणलं, धोट्याने ठोकलं आणि शेवटी उकळत्या पाण्यात टाकलं. एवढं सोसल्यावर मी पांढराशुभ्र निघालो. लोक म्हणाले, काय सुंदर कापड आहे! कुणी विचारलं नाही की बाबा, तुला लागलं का?

रुपचंदशेठ नावाच्या माणसाने मला विकत घेतलं. त्यांचा फिरता सिनेमा होता. नशिराबादपासून थेट धुळ्याकडच्या गावांपर्यंत, जिथे जत्रा तिथे त्यांचा तंबू. शिंप्याने माझे पट्टे जोडले, कडेला भोकं ठोकली, आणि मला दोन बांबूंच्या मध्ये असं ताणून बांधलं की माझा श्वासच अडकला. मला वाटलं होतं, तंबूच्या टोकाला भिंतीसारखं उभं करतील. पण रुपचंदशेठ जुन्या वळणाचे. त्यांनी मला तंबूच्या अगदी मधोमध बांधलं. माझ्या पुढच्या बाजूला पुरुष बसत आणि मागच्या बाजूला बाया. यंत्राचा उजेड पुढून माझ्यावर पडे आणि माझ्यातून आरपार जाई. त्यामुळे चित्र मागूनही तेवढंच स्पष्ट दिसे. फक्त एक फरक पडे. पुढे जे उजवीकडे, ते मागे डावीकडे.

गावोगावी दुसऱ्या तंबूंनी ही रीत केव्हाच सोडली होती. रुपचंदशेठ मात्र शेवटपर्यंत हटून बसले. बायांना निवांत हसता-रडता आलं पाहिजे, असं ते म्हणत. आता हे खरं की बायांच्या बाजूची सतरंजी नेहमी फाटकी असे, पण ते राहू द्या.

आमच्याकडे सिनेमे भुसावळहून पत्र्याच्या पेट्यांतून येत. नवे सिनेमे आम्हाला परवडत नसत. शहरात झिजून झिजून जे उरत ते आमच्या वाट्याला येई, आणि त्यात सगळ्यात जास्त असत ते एडविन थॉर्नली नावाच्या इंग्रज नटाचे. त्या जुन्या रिळांचे सगळे रंग उडून गेले होते, एक लाल तेवढा शिल्लक होता. समुद्र लाल, आभाळ लाल, घोडे लाल. माझ्यावर रक्त सांडलं की पाणी, हे कधीकधी मलाही कळत नसे. लोकांना त्याची काही अडचण नव्हती. थॉर्नली हे नाव कुणाच्या जिभेला वळेना, म्हणून खानदेशाने त्याचं परस्पर बारसं केलं आणि तो गोराभाऊ झाला.

सिनेमा इंग्रजी आणि बघणारे अहिराणी बोलणारे. मग समजणार कसं? त्यासाठी जीवराम होता. माझ्या शेजारी माइक घेऊन तो उभा राही आणि चित्र चालू असताना गोष्ट सांगत जाई. "देखा मंडई! बठ्ठा दुश्मन उनात, आनि गोराभाऊ एकला!" सगळे शत्रू चालून आल्याचं असं तो ओरडला की पुढचे पुरुष मांड्या थोपटत आणि मागच्या बाया पदर तोंडाशी नेत. गोराभाऊ इंग्रजीत काय म्हणत असे ते जीवरामला कधीच कळलं नाही. त्याने ठरवलेलं बोलणं गोराभाऊने म्हटल्यापेक्षा चांगलंच असणार, अशी माझी खात्री आहे.

जीवरामची बायको लवकर गेली होती. त्याची एकुलती एक लेक रत्ना त्याच्याबरोबर तंबूतच वाढली. ती बायांच्या बाजूला, माझ्या अगदी जवळ बसे. गोराभाऊची प्रत्येक लढाई तिने मागून पाहिली, आणि एकेक लढाई कितीतरी वेळा पाहिली.

आता या गोराभाऊची कुंडली ऐका. रिळांच्या पेटीत त्याच्या माहितीचे कागद असत. एक मास्तर ते वाचून जीवरामला अर्थ सांगत, आणि जीवराम मध्यंतरात ते सगळ्यांना ऐकवी. हा नट एका खाटकाचा मुलगा होता. विलायतेत उत्तरेकडे समुद्राकाठी त्यांचं मटणाचं दुकान होतं. बाप तापट होता. सुऱ्या पुसायचा चामड्याचा जाड पट्टा काढून तो पोराला दुकानातच झोडपे. गिऱ्हाइकं समोर उभी असत. ती मटणाची वाट बघत आणि मारही बघत, पण मध्ये कुणी पडत नसे. पोरगा गुडघ्यावर बसायला शिकला. पट्टा वरून येताना खाली झुकायचं, अंग एका बाजूला काढायचं, आणि बापाचा हात खाली आला की उठून पळायचं. एक दिवस तो पळाला तो परत आलाच नाही.

पुढे तो एका फिरत्या नाटक मंडळीत लागला. काम एकच, मरायचं. पहिल्या अंकात शिपाई होऊन मरायचं, दुसऱ्यात कपडे बदलून चोर होऊन मरायचं. मग मोठं युद्ध आलं. त्यात तो खराखुरा शिपाई होता. तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या खांद्यात घुसला आणि जन्मभर तिथेच राहिला. युद्धावरून परतल्यावर सिनेमावाल्यांनी त्याला घेतलं, पण सुरुवातीला तेच मरणं. तटावरून पड, घोड्याखाली ये, बाण खा. एका सिनेमात तलवारबाजी करणारा मुख्य नट आजारी पडला आणि याला पुढे केलं. जिन्यावरच्या लढाईत तो गुडघ्यावर बसला, शत्रूची तलवार वरून आली, त्याने अंग काढलं आणि उठून पळण्याऐवजी खालून वर असा काही वार केला की शत्रूची तलवार हातातून उडाली. दिग्दर्शकाने ते दृश्य तसंच ठेवलं. बापाच्या पट्ट्याखाली शिकलेली ती हुलकावणी अशी जगभर गेली.

मग काय! समुद्रावरच्या लुटारूंना त्याने माझ्यावर कापून काढलं. वाळवंटातली गढी त्याने एकट्याने लढवली. जळत्या जहाजावरून तो दातात सुरा धरून चढला. नकली माणूस आपल्या जागी उभा करायला तो तयार नसे. एकदा घोडा अंगावर कोसळून त्याच्या बरगड्या मोडल्या, एकदा तलवार तळहातातून आरपार गेली. त्या दृश्यात त्याच्या चेहऱ्यावर जी कळ दिसते ती खरी आहे. माझ्यावर ती कितीदा तरी उमटली आणि दर वेळी मला बरं वाटलं नाही.

गुडघ्यावरचा तो वार आमच्याकडे गोराभाऊचा फटका म्हणून प्रसिद्ध झाला. जत्रा संपली की गावातली पोरं आठवडाभर काठ्या घेऊन तोच फटका खेळत. आणि घराघरांत भांडणं लागत. नवरा म्हणे, तो उजव्या हाताने मारतो. बायको म्हणे, डाव्या हाताने.

"जेवना हाते मारस तो! मी मन्हा डोयाघाई देखं," असं म्हणून नवरा जेवतानाचा उजवा हात वर करून दाखवी.

"मंग मन्हा डोया काय फुटेल शेतस? डावखोरा शे गोराभाऊ," असं बायको ठणकावून सांगे.

एका घरात या वादापायी पितळी तांब्या नवऱ्याच्या कपाळाला लागला आणि टाके पडले. दोघंही खरं बोलत होती. पण खानदेशात कुठलाही नवरा उठून माझ्या मागच्या बाजूला गेला नाही, आणि कुठल्याही बायकोला पुढे येऊन बघू दिलं गेलं नाही.

आता माझ्या पोटावरच्या चिरेची हकिगत. एरंडोलच्या पुढे, धुळ्याच्या वाटेवर एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण अजून मी तिथेच राहतो. त्या गावच्या जत्रेत गोराभाऊचा एक नवा, म्हणजे आमच्यासाठी नवा, सिनेमा लागला. गोराभाऊच्या केसांत पांढरं आलं होतं. किल्ल्याचा म्हातारा सरदार होता तो. जिन्यावर तो शत्रूंशी लढत असतो आणि त्याचा सख्खा भाऊ मागून येऊन पाठीत कट्यार खुपसतो. आमच्याकडे तोवर गोराभाऊ कधी मेला नव्हता. त्याची सुरुवातीची मरणं आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

कट्यार घुसली. जीवरामच्या हातातला माइक खाली आला. गोराभाऊ एकेक पायरी घरंगळत खाली आला आणि पडून राहिला. मग पहिला दगड आला. त्यामागून चपला, पत्र्याचे डबे, विटा. यंत्राची काच फुटली तरी दिवा चालूच होता, आणि माझ्यावर तो दगलबाज भाऊ कट्यार पुसत हसत होता. पुढच्या रांगेतून छगन नावाचा तगडा गडी उठला. ऊस तोडून तो थेट जत्रेत आला होता. हातात कोयता. "गोराभाऊले मारस का रे!" म्हणून तो ओरडला आणि धावत येऊन त्याने त्या हसणाऱ्या भावाच्या छाताडात कोयता घातला. म्हणजे माझ्या पोटात. मी वरपासून खालपर्यंत टरकन फाटलो.

कोयत्याचं टोक दुसऱ्या बाजूला निघालं, बायांच्या बाजूला, आणि तिथे रत्ना बसली होती. टोक तिच्या डोक्यावर येणार तोच शेजारच्या बाईने तिला दंडाला धरून मागे खेचलं. ती झुंबरबाई. तंबूत एकच पळापळ झाली. रुपचंदशेठचं डोकं फुटलं. जीवरामला गोराभाऊला का वाचवलं नाहीस म्हणून चौघांनी बुकललं. दुसऱ्या दिवशी झुंबरबाईने स्वतः पोती शिवायचं दाभण आणि सुतळी आणली आणि मला शिवलं. रत्ना तिला दोरा ओवून देत होती. झुंबरबाईला ती पोर आवडली. काही वर्षांनी ती जीवरामकडे गेली आणि आपला मुलगा नवल याच्यासाठी तिने रत्नाला मागितलं. मीही तेव्हा खूश झालो होतो, खोटं कशाला बोलू?

त्या दंगलीनंतर रुपचंदशेठ त्या सिनेमाचं शेवटचं रीळ लावतच नसत. कट्यार यायच्या आधीच उजेड बंद होई आणि जीवराम अंधारात सांगून टाकी की गोराभाऊने मागे वळून भावालाच लोळवलं. लोक टाळ्या वाजवत घरी जात. तिकडे विलायतेत मात्र खऱ्या गोराभाऊचे दिवस फिरले होते. आधी त्याला खलनायक केलं. मग म्हातारा राजा, मग म्हाताऱ्या राजाचा नोकर. शेवटच्या सिनेमात तो पहारेकरी होता आणि पहिल्याच दृश्यात त्याचा गळा दाबतात. ज्या कामाने सुरुवात केली त्याच कामावर तो परत आला होता. मोडलेली हाडं दुखत म्हणून तो पिऊ लागला, की पीत होता म्हणून हाडं मोडली, हे त्या कागदांत काही नीट लिहिलेलं नव्हतं. तीन बायका सोडून गेल्या. समुद्राकाठच्या एका भाड्याच्या खोलीत तो एकटाच मेला. मास्तरांनी जीवरामला ही बातमी सांगितली तेव्हा जीवरामने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. संध्याकाळी खेळ होता. त्याने लोकांना काहीच सांगितलं नाही.

मग हातोहाती मोबाइल आले आणि तंबू रिकामा राहू लागला. रुपचंदशेठनी एक दिवस बांबू विकले, यंत्र भंगारात घातलं आणि मला जीवरामला देऊन टाकलं. जीवरामने मला रत्नाच्या सासरी पोचवलं. "कापूस झाकाले कामे ई," असं म्हणाला. ज्या कापसातून मी निघालो त्याच्यावरच पांघरूण होऊन पडलो. अंगणात कापसाच्या ढिगावर दिवसभर ऊन खात मी त्या घराचा संसार पाहू लागलो, आणि मित्रांनो, तो पाहवत नव्हता.

नवल गावात हसतमुख होता. कुणाच्याही लग्नात तो वाढायला पुढे असे. पण घरात शिरला की त्याच्या हाताला काठी लागे. लहानपणी तो माझ्या पुढे, पुरुषांच्या बाजूला बसून वाढला होता. गोराभाऊचे सगळे डाव त्याला पाठ होते आणि काठी फिरवण्यात त्या पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा नव्हता. भाजीत मीठ जास्त पडलं, काठी. शेजारणीशी बोलत उभी राहिली, काठी. माहेरचं नाव काढलं, काठी. गेल्या वर्षी त्याने रत्नाचं उजवं मनगट मोडलं. हाड वेडंवाकडं जुळलं. तेव्हापासून तिच्या उजव्या हाताने भरलेली कळशीसुद्धा उचलत नसे.

या सगळ्यात झुंबरबाई काय करत असे? सूप घेऊन भिंतीकडे तोंड करून बसे आणि दाणे पाखडत राही. सुपात दाणे नसले तरी पाखडत राही. आणि शेजारीपाजारी? ते कुंपणाशी येऊन उभे राहत. मी पडदा आहे. माझी हयात बघणाऱ्यांच्या तोंडाकडे बघण्यात गेली. त्या कुंपणावरची तोंडं मला चांगलीच ओळखीची होती. त्यात छगन पुढे असे. आता लोक त्याला छगनआबा म्हणत. "घरना मामला शे, आपलाले काय करनं," असं तो दर वेळी म्हणे, पण जात मात्र नसे.

या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती. कापूस न्यायला गाडी यायची होती म्हणून मला ढिगावरून ओढून अंगणात पसरलं होतं. रत्नाला फोन आला. जीवराम जळगावच्या दवाखान्यात होता. त्याला दम लागत होता आणि तो लेकीला बोलवत होता. रत्नाने एका पिशवीत लुगडं कोंबलं आणि ती बाहेर आली. नवल दारात उभा होता.

"कथी जाई राह्यनी?" त्याने विचारलं.

"बापकडे. दवाखानामा शे तो."

"कापूस भराना शे, गाडी येई राह्यनी. तो म्हतारा आजच मरी राह्यना का?"

"मन्हा बाप शे तो. मी जाई राह्यनू," रत्ना म्हणाली. इतक्या वर्षांत मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता.

"पाय भाईर टाकशी ते पाय तोडी टाकसू," नवल म्हणाला आणि त्याने कोपऱ्यातली काठी घेतली.

रत्नाने पाय बाहेर टाकला. पहिली काठी पाठीत बसली. ती धडपडत माझ्यावर आली. दुसरी खांद्यावर बसली आणि तिच्या तोंडून आवाजही निघाला नाही, श्वासच निघून गेला. पिशवी लांब जाऊन पडली. पुढची काठी तिने चुकवली ती जमिनीवर माझ्या कडेला बसली आणि माझं एक भोक उचकटलं गेलं. कुंपणावर माणसं जमली. मघाशी मी म्हटलं ना की तोंडं ओळखीची होती. आज तोंडं दिसतच नव्हती. तोंडांच्या पुढे मोबाइल होते. सगळे चित्र घेत होते. छगनआबाही आपल्या नातवाचा मोबाइल दोन्ही हातांत धरून उभा होता. काठ्या पाठीवर, दंडावर, मांडीवर पडत होत्या. रत्नाच्या कानातून रक्त आलं. नवलच्या तोंडाला फेस आला होता. मला वाटलं, संपली ही. ही आज बापाला भेटत नाही आणि कधीच कुणाला भेटत नाही.

रत्ना एका गुडघ्यावर आली. तिचा उजवा हात तिच्या मांडीवर लुळा पडला होता. नवलने काठी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेली. ही काठी पाठीसाठी नव्हती, डोक्यासाठी होती. तेवढ्यात सुपाचा आवाज थांबला.

"डावा हात, रत्ना!" झुंबरबाई ओरडली. ती उठून उभी होती आणि सूप तिच्या पायाशी पडलं होतं. "डावा हात! गोराभाऊना फटका मार! मार!"

धुण्याच्या दगडाशी कपडे बडवायचं धोपटणं पडलं होतं. रत्नाचा डावा हात त्याच्यावर पडला. नवलनेही फटक्याचं नाव ऐकलं आणि तो हसला. तो फटका त्याला झोपेतही येत होता. पोरपणी तो त्याने गावातल्या प्रत्येक पोराविरुद्ध खेळला होता आणि प्रत्येक पोराने तो उजव्या हाताने मारला होता. वार जिकडून यायचा ती बाजू त्याने सवयीने सांभाळली आणि काठी खाली आणली. रत्नाने खाली झुकून अंग काढलं आणि दुसऱ्याच बाजूने, खालून वर, डाव्या हाताने धोपटणं आलं. ते त्याच्या मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखतो. काठी माझ्यावर पडली. ती उचलायला तो वाकला तेव्हा दुसरा तडाखा गुडघ्यावर बसला. नवल तोंडावर आपटला, ओठ दगडावर फुटला आणि रक्त माझ्या कोपऱ्यावर सांडलं. हा डाग तोच. माझ्यावर गोराभाऊचं खरं रक्त कधी सांडलं नव्हतं, तो सगळा नुसता उजेड होता. हे गरम होतं.

रत्नाने धोपटणं तिसऱ्यांदा उचललं. ती नवलच्या डोक्याकडे बघत होती. मीही घाबरलो. मग तिने ते बाजूला फेकलं, पिशवी उचलली, आणि पदराने कानाचं रक्त पुसलं.

"माय," नवल जमिनीवरून कण्हत म्हणाला, "तू कोनाकडथून बोली राह्यनी?"

"मी बी पडदाना मांगेच बठेल शे, रे नवल," झुंबरबाई म्हणाली.

तेव्हा कुठे कुंपणावरचे मोबाइल खाली आले, आणि तेव्हा कुठे छगनआबाला कंठ फुटला. "हाई काई चांगलं नही व्हयनं," तो मान हलवत म्हणाला. "बाईमानुसनी नवरावर हात टाकाना?"

झुंबरबाई तरातरा कुंपणापाशी गेली. "छगन, सिनेमामा कोयता लिसन तू उठना व्हता ना? तवय तुले घरना मामला नही वाटना?"

छगनआबाने नातवाचा मोबाइल खिशात घातला आणि तो मागे सरला. मी ती चीर वागवतो, त्यामुळे माझी फार इच्छा होती की त्याने काहीतरी बोलावं. गर्दी पांगू लागली. रत्ना त्यांच्यातून वाट काढत महामार्गाकडे गेली आणि कुणीही तिला अडवलं नाही.

जीवराम पुढे फार दिवस जगला नाही, पण तो गेला तेव्हा लेक उशाशी होती. रत्ना आता नशिराबादला बापाच्या घरी राहते. झुंबरबाई महिन्यातून एकदा एस.टी.ने तिच्याकडे जाते आणि आल्यावर माझ्याशेजारी बसून स्वतःशीच सगळं सांगते. नवलचं मनगट जुळलं, पण काठी फिरवण्याजोगं नाही. त्याची खाट ओट्यावर टाकलेली आहे. काठी झुंबरबाईने त्याच संध्याकाळी चुलीत घातली.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले होते. हवालदार तरुण होता, बोलायला सभ्य. त्याने मोबाइलमधली सगळी चित्रं पाहिली आणि झुंबरबाईला विचारलं, "आजी, नीट विचार करून सांगा. तुम्ही पोटच्या मुलाच्या विरुद्ध सांगताय. इतकी वर्षं तुम्ही काहीच बोलला नाहीत, मग आत्ताच का?"

"इतला साल मी बठेल व्हतू, साहेब," झुंबरबाई म्हणाली. "काल उठनू."

मित्रांनो, माझ्यासारखे जुने पडदे आत्मकथेच्या शेवटी आमची काळजी घ्या, आम्हाला जपून ठेवा, असं म्हणतात. मला जपू नका. मी कापड आहे, विरून जाईन, आणि माझ्यावर मेलेली माणसं दुसऱ्या जत्रेत पुन्हा उठून उभी राहत होती. अंगणात पडलेली बाई तशी उठत नाही. तुमच्या डोळ्यांसमोर कुणी मार खात असेल, मग तो शाळेत असो, गल्लीत असो की घरात, तर हातातला मोबाइल खाली ठेवा आणि मध्ये पडा. ओरडा. माणसं गोळा करा. आता फार उशीर झाला असं वाटलं तरी उठा. झुंबरबाईला फारच उशीर झाला होता, तरी रत्ना वाचली.